मागचं उडवू का?

गेल्या श्रावणात आमच्या इमारतीतले एक गृहस्थ वारले. कळंबोलीच्या लोखंड बाजारात माथाडी म्हणून त्यांनी उभी हयात काढली होती. मूळचे सातारा जिल्ह्यातले, पाटणकडचे. तेराव्याच्या आधी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायला एक हलतं चित्र हवं होतं : मधोमध त्यांचा फोटो, दोन बाजूंना तेवत्या समया, वरून पडणाऱ्या पाकळ्या. हल्ली असं चित्र फिरल्याशिवाय माणूस गेल्याची बातमी पुरी होत नाही. मुलगा गावाकडच्या विधींच्या तयारीत होता, म्हणून मी वहिनींबरोबर फ्लेक्सच्या दुकानात गेलो. धड असा फोटो एकच निघाला. गोदामाच्या दाराशी काढलेला. अंगात पांढरा सदरा, डोक्यावर पांढरी टोपी, एका अंगाला चुन्याची भिंत आणि दुसऱ्या अंगाला एकावर एक रचलेल्या पत्र्याच्या कॉइल. दुकानातल्या मुलाने तो संगणकावर उघडला आणि पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "काका, मागचं उडवू का?"

आम्ही काही बोलायच्या आत त्याने ते उडवलंही. दोष त्याचा नाही. त्याच्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस या प्रश्नाला होच म्हणतो. वाढदिवसाचा फलक, नगरसेवकाची शुभेच्छा, श्रद्धांजली, दहीहंडीची वर्गणी, सगळ्यांत माणसं त्यांच्या जागेवरून उचललेली असतात आणि भगव्या, जांभळ्या किंवा सोनेरी झळाळीवर नेऊन ठेवलेली असतात. त्या झळाळीच्या कुरूपतेबद्दल मराठीत पुष्कळ लिहून झालं आहे. मला ते लिखाण आता थोडं सोपं वाटतं. ते लक्ष देतं ते नव्याने आलेल्या पार्श्वभूमीकडे. जी गेली तिच्याकडे आणि ती जाताना आकृतीच्या कडेवर काय ठेवून गेली त्याकडे सहसा कोणी पाहत नाही. मी वीसेक वर्षं छापखान्यात निगेटिव्ह लावण्याचं काम केलं आहे, त्यामुळे चित्राची कड पाहण्याची खोड मला लागली. या लेखात मी तेवढंच करणार आहे : हलत्या चित्रातला एखादा रंग पारदर्शक करायचा म्हणजे नेमकं काय करायचं, ते आपल्याकडे पूर्वी कोणी कसं केलं, आणि आज ते करताना काय हातचं जातं, हे कडेवरून वाचण्याचा प्रयत्न.

आधी यंत्राची बाजू. जीआयएफ हा चित्रप्रकार १९८७च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या कॉम्प्युसर्व्ह या कंपनीने आणला. स्टीव्ह विल्हाइट यांच्या हाताखालच्या गटाने तो घडवला. (त्याचा उच्चार 'जिफ' असाच करावा, असा विल्हाइट यांचा २०१३ सालीही आग्रह होता. आमच्या कळंबोलीत तिन्ही अक्षरं सुटी म्हणतात आणि तंटा मिटवतात.) या प्रकारात चित्राच्या ठिपक्यांत रंग नसतात, रंगांचे क्रमांक असतात. फायलीच्या सुरुवातीला एक रंगतक्ता असतो, त्यात जास्तीत जास्त २५६ रंग. पुढे प्रत्येक ठिपक्यापाशी एवढंच लिहिलेलं असतं, की इथे तक्त्यातला अमुक क्रमांक लावा. लहान मुलांच्या रंगवायच्या पुस्तकात आकडे घातलेले असतात, तसं. १९८९च्या सुधारित आवृत्तीत दोन गोष्टी आल्या. एक, प्रत्येक चौकट किती वेळ दिसावी हे सेकंदाच्या शंभराव्या भागांत सांगण्याची सोय. दुसरी, तक्त्यातल्या एका क्रमांकाबद्दल सांगण्याची सोय, की हा क्रमांक जिथे येईल तिथे काहीच लावू नका. पारदर्शकता म्हणतात ती एवढीच. पुढे नेटस्केप नॅव्हिगेटरच्या दुसऱ्या आवृत्तीने, १९९५-९६च्या सुमारास, त्या चौकटी पुन्हापुन्हा फिरवत राहण्याची युक्ती घातली आणि पणती अखंड तेवू लागली.

तो 'एक क्रमांक' हे सगळ्याचं मर्म आहे. यंत्राला पुढचं आणि मागचं कळत नाही. त्याला क्रमांक कळतो. भिंतीचा पांढरा आणि टोपीचा पांढरा तक्त्यात एकाच क्रमांकावर बसले, तर भिंतीबरोबर टोपीही जाते. दुकानातल्या त्या मुलाच्या पडद्यावर हेच झालं. भिंत गेली, टोपी गेली, सदऱ्याचा निम्मा भाग गेला, आणि डोळ्यांतल्या पांढऱ्याच्या जागी दोन भोकं पडली.

याची मला आठवण राहिलेली दुसरी खूण आषाढीची आहे. एकादशीच्या पहाटे मला एक नाचता वारकरी आला. हातात टाळ, खांद्यावर भगवी पताका, पावली घालणारा. मूळ चित्र पांढऱ्या कागदावर काढलेलं असणार. कोणीतरी त्यातला पांढरा रंग एका झटक्यात पारदर्शक केला होता. माझ्या फोनचा पडदा रात्रीमुळे काळा ठेवलेला. परिणाम असा, की वारकऱ्याचं धोतर, अंगरखा, पागोटं सगळं काळं झालं होतं. नुसता चेहरा, टाळ आणि पताका अंधारात उड्या मारत होती. ज्याने पाठवला त्याच्या फोनचा पडदा पांढरा होता, त्याला सगळं यथास्थित दिसत होतं. एकच वारकरी एका घरात धुतल्या कपड्यांचा आणि दुसऱ्या घरात काजळी फासलेला. उलट अडचण खुद्द विठ्ठलाची. काळ्या गाभाऱ्यातली काळी मूर्ती रंगावरून कापून निघत नाही, म्हणून हलत्या चित्रांतला विठ्ठल मला बहुतेक वेळा रेखाटलेला आणि सोनेरी कडेचा भेटतो, फोटोतला क्वचितच.

रंगाऐवजी जागा निवडण्याचा पर्याय असतो. त्यात ज्या ठिकाणी टिचकी द्याल तिथपासून सलग पसरलेला तेवढाच रंग जातो, टोपी वाचते. पण मग देवनागरी आडवी येते. 'शुभ दीपावली' अशी अक्षरं घ्या. बाहेरचा पांढरा सलग आहे, तो जातो. 'प'च्या पोटातला पांढरा शिरोरेषेने वरून बंद केलेला आहे, 'व'च्या गाठीतला चहूकडून. तो राहतो. गेल्या दिवाळीत मला आलेल्या हलत्या शुभेच्छा मी न पुसता ठेवल्या होत्या आणि या लेखासाठी एकेक थांबवून, मोठ्या करून पाहिल्या. कितीतरी ठिकाणी गडद लाल मखमलीवर सोनेरी 'दीपावली' आणि 'प'च्या पोटात पांढरा तुकडा, दातात भाताचं शीत अडकावं तसा. ज्याने बनवली त्याने घाई केली, हे खरं. पण तो तुकडा आपल्याला एक गोष्ट सांगतो : ही अक्षरं आधी कोऱ्या पांढऱ्यावर होती.

पांढऱ्यालाच का सगळे हात घालतात? याचं उत्तर मला छापखान्यात सापडतं. कागदावर छापताना पांढरी शाई लागत नाही. पांढरं म्हणजे जिथे काही छापलं नाही ती जागा. घाटापलीकडे मळवलीला रविवर्म्यांच्या नावाचा छापखाना होता, तिथे शिळाछपाईत एकेका रंगाला एकेक दगड असे. लक्ष्मीच्या साडीला जितके रंग, तितक्या वेळा कागद दगडाखालून जायचा, आणि ज्या जागेला एकाही दगडाने शिवलं नाही ती जागा कागदाची. दादासाहेब फाळक्यांनी चित्रपटात पडण्याआधी रविवर्मा छापखान्यासाठी काम केलं होतं. ऑफसेटमध्ये दगड गेले आणि पत्रे आले, पण हिशोब तोच राहिला. आमच्या पिढीच्या डोळ्याला म्हणून पांढरं म्हणजे कोरं. पडद्यावर मात्र पांढरं म्हणजे तिन्ही दिवे पूर्ण लावलेले, सगळ्यात भरलेला रंग. आपण कागदाची सवय घेऊन पडद्यासमोर बसलो आहोत आणि सगळ्यात भरलेल्या रंगाला रिकामं समजून पुसत आहोत.

दिव्याच्या खेळात हे नेमकं उलटं होतं, आणि त्याचं उत्तम उदाहरण इथून फार लांब नाही. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ साली 'शांबरिक खरोलिका' या नावाने जादूच्या कंदिलाचे प्रयोग सुरू केले. पुढे मुलांना घेऊन गावोगाव ते केले. चित्रपट आपल्याकडे यायच्या चार वर्षं आधीची ही गोष्ट. काचेवर हाताने रंगवलेल्या आकृत्या, मागून दिवा, पुढे भिंग आणि पडदा, जोडीला निवेदन आणि गाणं. काचा भराभर बदलल्या की आकृती हलल्याचा भास. कंदिलाच्या या कलेत आकृतीभोवतीची काच काळ्या रंगाने झाकायची रीत होती. जिथे काळं, तिथून उजेड जात नाही. उजेड नाही, म्हणून पडद्यावर त्या जागी काही भर पडत नाही, आणि दुसऱ्या कंदिलातलं दृश्य तिथे सुखाने दिसू शकतं. म्हणजे काच अपारदर्शक केली की चित्र पारदर्शक व्हायचं. मला हे वाक्य पहिल्यांदा सुचलं तेव्हा मी ते दोनदा तपासलं, पण ते तसंच आहे. छापखान्यात आम्हीही निगेटिव्हवर ओपेक फासून हेच करत होतो. जिथे उजेड जाऊ द्यायचा नाही तिथे कुंचल्याने तपकिरी लेप, आणि पत्र्यावर ती जागा कोरी.

तेव्हा प्रत्येक माध्यमाचं एक शून्य असतं. कागदाचं पांढरं, कंदिलाचं काळं. चित्रपटाच्या आणि वाहिन्यांच्या स्टुडिओत ते हिरवं किंवा निळं असतं, कारण माणसाच्या कातडीत ते रंग कमी. (हिरवा चुडा भरलेल्या नवरीला त्या हिरव्या पडद्यापुढे उभं केलं तर मनगटापासून हात तुटलेला दिसेल. शून्य ठरवताना त्यांनी आपल्याला विचारलं नव्हतं.) या सगळ्या ठिकाणी शून्य साहित्यातूनच आलेलं असे. कागद पांढरा, म्हणून पांढरं. जीआयएफमध्ये मात्र शून्य कोणतंही असू शकतं. २५६ पैकी कोणत्याही क्रमांकाला 'तू नाहीस' म्हणता येतं. साहित्य काही सांगत नाही, म्हणून कोणीतरी माणसाने सांगावं लागतं. "मागचं उडवू का?" हा प्रश्न त्यामुळेच उद्भवतो. पटवर्धनांच्या प्रेक्षकाला तो कोणी विचारला नसता.

आता दिवाळी अंकाच्या वाचकाला ज्याची मघापासून आठवण येत असेल त्या गोष्टीकडे येतो. मधुकर पाटकरांनी १९५१ साली सुरू केलेल्या 'आवाज'मधली खिडकीचित्रं. पानाला चौकोनी किंवा वेडंवाकडं भोक पाडलेलं. त्यातून मागच्या पानावरच्या चित्राचा तुकडा दिसतो आणि पुढच्या चित्रात मिसळून काहीतरी भलताच, बहुधा चावट, देखावा तयार होतो. पान उलटावं तर तो तुकडा एखाद्या निरुपद्रवी गोष्टीचा निघतो. आमच्या घरी हा अंक आधी मोठी माणसं वाचत आणि मग तो कपाटाच्या वर जात असे. आम्हाला कपाट चढता येत होतं.

खिडकीचित्राला वाङ्मयाच्या चर्चेत कधी मान मिळाला नाही. ते हसण्यावारी गेलं. मला ते दोन चौकटींचं हलतं चित्र वाटतं, पारदर्शक जागेसह, आणि कित्येक बाबतींत आजच्या जीआयएफपेक्षा सरस. एक तर ते रंगावर अवलंबून नाही. भोक म्हणजे भोक, बोट आरपार जातं. त्यात टोपी चुकून उडायची भीती नाही. दुसरं, मागचं चित्र पुढच्या इतकंच जाणून काढलेलं असतं. चित्रकाराला आधी ठाऊक असतं की मागच्या पानावरच्या कोपराचा कोणता भाग खिडकीत येणार आणि तो कशासारखा दिसणार. पंचिंग एखाद-दोन सूत सरकलं की विनोद मेला. मागचं हा तिथे उडवायचा ऐवज नसून विनोदाचा निम्मा भाग आहे. तिसरं, आणि समीक्षक म्हणून मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, पान उलटल्यावर ते आपल्याला आपली चूक दाखवतं. तुकडा मुळातून उचलला की काय काय दिसू लागतं, हेच त्याचं सांगणं. चावटपणा चित्रात नव्हता, कापण्यात होता. फोनवरच्या कापलेल्या माणसाचं पान मात्र आपल्याला उलटता येत नाही.

परत कडेकडे. जीआयएफमध्ये ठिपका एक तर आहे, नाही तर नाही. अर्धा नाही. पण चांगल्या चित्राची कड अर्ध्यांचीच असते. गोलाई गुळगुळीत दिसावी म्हणून कडेच्या ठिपक्यांत आकृतीचा आणि मागचा रंग थोडाथोडा मिसळलेला असतो. पांढऱ्यावरची लाल पणती असेल तर कडेला गुलाबी ठिपके. आता पांढरा पारदर्शक केला तर शुद्ध पांढरा जातो, गुलाबी जात नाही, कारण त्याचा क्रमांक वेगळा. गडद पार्श्वभूमीवर ठेवल्यावर त्या गुलाबी-पांढरट ठिपक्यांची एक किनार पणतीभोवती उठून दिसते. इंग्रजीत तिला प्रभावळ म्हणतात. मला तो शब्द फार उदार वाटतो. तो सुटलेल्या जागेचा डाग आहे.

ती किनार घालवायचे उपाय आहेत. रंगाची सूट वाढवायची, म्हणजे पांढऱ्याच्या आसपासचे रंगही पांढऱ्यातच धरायचे. मग किनार जाते आणि तिच्याबरोबर आकृतीची थोडी कडही कुरतडली जाते. दुसरा उपाय जाणत्यांचा. चित्र शेवटी कोणत्या रंगावर बसणार आहे ते आधी ठरवून कडेचे ठिपके त्या रंगात मिसळून घ्यायचे. जिम्प या मोफत प्रणालीत यासाठी वेगळी सोय आहे. हे सुंदर होतं, पण मग ते चित्र त्या एका रंगाशी बांधलं गेलं, दुसरीकडे नेलं की किनार पुन्हा उगवते. म्हणजे 'कुठेही ठेवता येईल' या आशेने पारदर्शक केलेलं चित्र नीट दिसतं ते एकाच ठिकाणी. व्हॉट्सॅपवरून आलेल्या फोटोत आणखी एक संकट असतं. पाठवताना तो दाबलेला असतो आणि दाबताना पांढरा पांढरा राहत नाही. डोळ्याला एकसारख्या दिसणाऱ्या भिंतीत यंत्राला शेकडो पांढरे दिसतात. शुद्ध पांढरा उडवला की बाकीचे हवेत पिठासारखे तरंगत राहतात.

ज्योतीचं तर बोलायलाच नको. ज्योत ही मुळात अर्धी असते. तिच्यातून मागचं दिसतं आणि तीही दिसते. आहे-नाहीच्या हिशोबात ती बसत नाही, म्हणून दिवाळीच्या चित्रांतली ज्योत झेंडूच्या पाकळीसारखी कापीव दिसते. काही कारागीर एक आड एक ठिपका सोडून जाळी करतात आणि अर्धपारदर्शकतेचा आभास आणतात. वर्तमानपत्रातल्या फोटोच्या ठिपक्यांची ही चुलत बहीण. मी पाहिलेल्या शुभेच्छांत दोन-तीनच अशा होत्या, त्यांच्या बनवणाऱ्याला मी मनातल्या मनात दाद दिली. खरी अर्धपारदर्शकता संगणकावर फार आधी सुचली होती. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस एड कॅटमल आणि अॅल्वी रे स्मिथ यांनी प्रत्येक ठिपक्याला 'किती आहे' सांगणारी चौथी संख्या जोडली, आणि १९८४ साली टॉम पोर्टर व टॉम डफ यांनी असे थर एकमेकांवर चढवायचं गणित मांडलं. १९९६ साली आलेल्या पीएनजी प्रकारात ती सोय होती, पण पीएनजी हलत नव्हतं. त्यामुळे हलणाऱ्या चित्रांना कितीतरी वर्षं ज्योत मिळालीच नाही.

पारदर्शक क्रमांकाचा एक दुसरा उपयोग आहे, तो बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतो आणि मला तो या साऱ्या प्रकरणातला सगळ्यात विचार करण्याजोगा भाग वाटतो. दहा चौकटींचं चित्र आहे आणि त्यात फक्त ज्योत हलते. मग समई, ताट, रांगोळी दहा वेळा का लिहायची? पहिल्या चौकटीत सगळं लिहायचं. पुढच्या नऊ चौकटींत ज्योतीची जागा सोडून बाकी सगळीकडे पारदर्शक क्रमांक लिहायचा. तिथे काही लावलं जात नाही, म्हणून पहिल्या चौकटीतली समई तशीच दिसत राहते. फाइल लहान होते. म्हणजे एकाच क्रमांकाचे दोन अर्थ झाले. पहिल्या चौकटीत त्याचा अर्थ 'इथे कोणी नाही, मागचं पान दिसू दे'. पुढच्या चौकटींत त्याचा अर्थ 'इथे होतं तसंच असू दे'. एकात विसर, दुसऱ्यात आठवण, आणि फायलीत दोन्हींसाठी आकडा तोच.

हे दोन अर्थ एकमेकांत अडकतात तेव्हा भुतं दिसतात. पारदर्शक रंगाने काही पुसता येत नाही, कारण तो लावणं म्हणजे काही न लावणं. ज्योत डावीकडून उजवीकडे कलली, तर डावीकडची जुनी ज्योत तिथेच राहते. ती जावी म्हणून प्रत्येक चौकटीनंतर काय करायचं ते वेगळं सांगावं लागतं : असू द्या, पुसा, किंवा आधीचं परत आणा. 'पुसा' म्हणजे चित्राच्या पार्श्वरंगाने पुसा असं मूळ नियमात लिहिलं आहे, पण ब्राउझरांनी तो नियम न पाळता सरळ पारदर्शक करायची वहिवाट पाडली आणि आता वहिवाट हाच नियम आहे. ज्याने ही सूचना दिली नाही त्याची चक्री फिरताफिरता स्वतःच्याच ठिणग्यांनी भरून जाते. अशी एक चक्री माझ्या संग्रहात आहे. सदोष आहे, पण खऱ्या चक्रीच्या धुराच्या ती सर्वात जवळ जाते.

आज आपण ज्याला जीआयएफ म्हणून व्हॉट्सॅपवर पाठवतो तो बहुधा जीआयएफ नसतोच, त्याचा मुका व्हिडिओ केलेला असतो, आणि त्या व्हिडिओत पारदर्शक जागा राहत नाही. जे मागचं उडवलं त्या जागी कोणता तरी एक रंग भरला जातोच. खरी पारदर्शकता उरली ती २०१८पासून आलेल्या स्टिकरांत, आणि २०२० साली ते हलू लागले. तिथे अर्धे ठिपकेही चालतात, म्हणजे जीआयएफची जुनी अडचण संपली. गंमत अशी, की स्टिकर बनवणाऱ्यांना कंपनीच्या सूचनांत शिफारस काय, तर आकृतीभोवती आठ ठिपक्यांची पांढरी किनार ओढावी, म्हणजे ती कुठल्याही रंगावर उठून दिसेल. तीस वर्षं ज्या किनारीला चूक म्हणून घासलं तीच आता मुद्दाम काढायची. मला यात हार दिसत नाही. ती किनार निदान लपवत नाही की ही आकृती कापून आणली आहे. खिडकीच्या कापीव कडेसारखी ती आहे.

दुकानात त्या दिवशी पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. टोपी उडाल्यावर मुलाने त्याच्याकडचं एक फोल्डर उघडलं. त्यात कोट होते, जाकिटं होती, फेटे होते, टोप्या होत्या, सगळ्या आधीच कापलेल्या. त्यातली एक कडक इस्त्रीची टोपी त्याने उचलली आणि नेमकी डोक्यावर बसवली. काम सफाईचं होतं. कड शोधूनही मला सापडली नाही. सदराही भरून काढला. मागे निळसर ढग घातले. वहिनी इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "भावजी, ही टोपी ह्यांची न्हाई." मुलगा म्हणाला, "मावशी, कुणाला कळणार?" त्या म्हणाल्या, "मला कळतंय की. आन् ते उभं होतं कुठं?"

मला तेव्हा त्या मुलाला खूप काही सांगावंसं वाटलं. माथाडी कायदा १९६९चा आहे आणि या माणसाने त्या कायद्याच्या मंडळात नोंद होऊन याच बाजारात पाठ झिजवली, त्याच्या मागच्या कॉइल हा त्याच्या फोटोतला अडगळीचा भाग नाही, वगैरे. सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, की दादा, मागचं राहू दे. पहिला फोटो तसाच घे. समया दोन बाजूंना लाव, पाकळ्या नकोत, फक्त ज्योती हलू देत. तो म्हणाला, त्यात काय मजा, पण केलं. उलट ते पाच मिनिटांत झालं, कारण काही कापायचं नव्हतं. चुन्याची भिंत राहिली, गोदामाचं दार राहिलं, एका कॉइलवर खडूने लिहिलेला वजनाचा आकडा राहिला. वापरून मऊ पडलेली, एका बाजूला दबलेली टोपी राहिली.

ती फाइल मी मागून घेतली आणि घरी येऊन चौकटी सुट्या करून पाहिल्या. एकूण बारा. पहिलीत सगळं आहे : भिंत, लोखंड, माणूस. पुढच्या अकरा चौकटींत ज्योतीएवढे दोन लहान तुकडे आहेत आणि बाकी सगळीकडे, त्यांच्या चेहऱ्याच्या जागीसुद्धा, पारदर्शक क्रमांक.